कांडी

खात्याच्या मागं, कूलरच्या गळत्या पाण्यावर
वाढलेली ती सायकस.
बाईझाड. चाळीस वर्षं एकटी.
नर होता सिव्हिल लाइन्सच्या एका बंगल्यात.
तिथल्या माळ्याला खर्ऱ्याचे पैसे देऊन
चैतात मी परागाची पुडी आणली
सदऱ्याच्या खिशात, सायकलवर,
ऊन असं की डांबर टायरला धरून ठेवी.
उईके मॅडम म्हणाल्या,
निमजेभाऊ, फक्त शिंकू नका.

मग काहीच नाही.
वैशाख गेला, जेठ गेला.
आत पराग आपली नळी रोवून बसला होता
लग्न आटोपल्यावरही न गेलेल्या पाव्हण्यासारखा,
बीजाचंच खात, बीजातच पसरत.
बाकीच्या फुलझाडांत नळी नेऊन सोडते
थेट दारापर्यंत, मॅडम सांगत, रिक्षासारखी.
याला मात्र शेवटचं
पोहत जावं लागतं.

पोहत? नागपुरात?
मी हसलो होतो.
इथं नाग नदीतसुद्धा पाय घालत नाही कोणी.

मारबतीच्या दिवशी खातं रिकामं.
इतवारीतून ढोल, आणि पोट्ट्यांची आरोळी,
घेऊन जा गे मारबत,
खिडकीपर्यंत येऊन विरे.
मॅडमनी बीज उभं चिरलं.
वरच्या अंगाला एक खोली, मसुरीच्या डाळीएवढी,
तिच्या छताला लोंबलेल्या नळ्या,
फुगून तट्ट.
साखर चहाच्या डब्यातली घेतली, तोलून.
नुसत्या पाण्यात फुटतात हे, म्हणाल्या.
एवढी गोडी लागतेच.

एक नळी फुटली.
दोघं बाहेर पडले, सोबत आपलं पाणी घेऊन.

भिंगाआधी मीच काच उजेडापुढं धरली.
ठिपका. सुईच्या टोकाएवढा. सरकणारा.
पुस्तकात लिहिलंय की दिसतो, मॅडम म्हणाल्या
चष्मा वर-खाली करत, मला नाही दिसत.
मला दिसतो, म्हटलं.
कोष्ट्याचा पोरगा आहे मी,
तुटलेलं सूत अंधारात सापडवणाऱ्याचा.

भिंगाखाली त्यांना भोवरा दिसला.
मला कांडी.
आई भरायची तशीच, चरख्याशी मांडी घालून:
पाच वेढे, एकाला एक लागून, टोकाकडं निमुळते,
आणि वेढ्यांवर केस.
किती? चाळीस हजार धरा, मॅडम म्हणाल्या.
सगळे एकदम हलत नव्हते.
एका टोकाकडून लाट निघे
धानाच्या बांधीतून वारा जातो तशी,
आणि ती कांडी स्वतःभोवती फिरत पुढं,
काठाला टेकून मागं, पुन्हा पुढं,
खड्ड्यातल्या मागावर बापाचा धोटा जाई
तितकी निमूट.

यांचे पूर्वज पाण्यातच भेटत एकमेकांना,
मॅडम हळू बोलत होत्या, जणू तो बिचकेल.
झाडं कोरड्यावर आली, बीज शिकली,
पाण्याचं काम वाऱ्याला दिलं, किड्यांना दिलं.
यांनी एवढा थेंब मागं ठेवला.
काऊन? मी विचारलं.
त्यांनी खांदे उडवले.

आणि आत गेल्यावर?
तो पट्टा, केसांसकट, अंड्याच्या काठाशीच सोडतो.
पुढं जातो फक्त गाभा.

आमच्याकडं उलटं होतं.
सूत कापडात जाई,
रिकाम्या कांड्या आई सुपात गोळा करी.
इथं सूत दाराशी गळून पडलं
आणि कांडी आत गेली.
हे मी मॅडमना सांगितलं नाही.

चार वाजता थेंब आटायला लागला.
लाट मंदावली,
एका बाजूचे केस थांबले, दुसऱ्या बाजूचे
थोडा वेळ तसेच, सवयीनं.

मॅडम वही घेऊन घरी गेल्या.
मी कूलरचं तबक झाडाच्या बुडाशी रिकामं केलं,
बाकीच्या काचा धुतल्या,
आणि रजिस्टरात लिहिलं:
काच, नग एक, फुटली.

खिशात ती
घरापर्यंत फुटली नाही.